जॉनचे शील आणि जेनीचा प्रश्न

सातवीच्या वर्गात गुरुजींनी आम्हांला बुकर टी. वॉशिंग्टनची गोष्ट सांगितली होती. गुलामीत जन्मलेला एक काळा मुलगा शिकण्याच्या ओढीने शेकडो मैल तुडवीत व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनच्या शाळेत पोहोचतो. अंगावरचे कपडे मळलेले, खिशात अवघे पन्नास सेंट. शाळेच्या बाई त्याला धड होय म्हणत नाहीत, धड नाहीही म्हणत नाहीत. काही तासांनी त्या त्याला एक खोली झाडायला सांगतात. मुलगा ती तीनदा झाडतो, चारदा पुसतो. बाई रुमाल काढून भिंतीवर, बाकांवर घासून पाहतात. धुळीचा कण सापडत नाही. मुलाला प्रवेश मिळतो. गुरुजी म्हणाले, "याला म्हणतात शील." आणि त्यांनी आमच्या बाकाकडे पाहिले. त्या दिवशी वर्ग झाडण्याची पाळी आमची नव्हती. पण झाडू आमच्या हाती आला आणि वर्षभर तो आमच्याच हाती राहिला.

गुरुजी दुष्ट नव्हते. त्यांनी मला वह्या दिल्या, परीक्षेची फी भरली. ही आठवण मी तक्रार म्हणून सांगत नाही. मला एक वाङ्मयीन प्रश्न विचारायचा आहे आणि त्याचे मूळ त्या झाडूत आहे. दडपलेल्या समाजातल्या मुलाचे 'शील घडवायचे' असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा त्याच्या मनात नेमके काय असते? आणि त्याच मुलाच्या हाती झाडूऐवजी ग्रीक भाषेचे पुस्तक, गणित, इतिहास, संगीत दिले, तर त्याच्या शीलाचे काय होते?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका कथेत मांडलेले आहे. विल्यम एडवर्ड बर्गहार्ट ड्यू बॉइस यांचे 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' हे पुस्तक १९०३ साली प्रसिद्ध झाले. त्यात चौदा प्रकरणे आहेत. त्यांपैकी तेरावे प्रकरण ही एक कथा आहे, जॉनच्या परतण्याची. दलित साहित्य आणि कृष्णवर्णीयांचे साहित्य यांची तुलना आपल्याकडे पुष्कळ झाली. पँथरच्या स्थापनेपासून, म्हणजे १९७२ पासून, ती होतेच आहे. परंतु ती बहुधा विद्रोहाच्या कवितेपुरती आणि पुढच्या काळातल्या लेखकांपुरती राहिली. ही कथा त्या चर्चेत फारशी आली नाही, याचे मला नवल वाटते. कारण 'गाव सोडून शिकलेला मुलगा गावी परततो' हाच आपल्या आत्मकथनांचा गाभा आहे.

ड्यू बॉइस आणि वॉशिंग्टन यांचा वाद येथे थोडक्यात सांगावा लागेल. वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून अलाबामातली टस्कीगी संस्था उभारली. विद्यार्थी स्वतः विटा भाजत, इमारती बांधत, शेती करत. १८९५ साली अटलांटात केलेल्या भाषणात त्यांनी काळ्यांना सांगितले की, आधी हाताचे काम शिका, राजकीय आणि सामाजिक बरोबरीचा आग्रह तूर्त धरू नका. गोऱ्या देणगीदारांना हे फार आवडले. ड्यू बॉइस यांचे म्हणणे वेगळे होते. ते स्वतः फिस्कमध्ये आणि हार्वर्डमध्ये शिकलेले. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय, साल १८९५. समाजाला सुतार हवेत हे त्यांना मान्य होते. पण सुताराला शिकवणारा शिक्षक कोठून येणार, आणि त्या शिक्षकाला कोण शिकवणार, असे ते विचारीत. उच्च विद्या आधी, असा त्यांचा आग्रह होता.

या उच्च विद्येला इंग्रजीत 'लिबरल' शिक्षण म्हणतात. शब्दाचे मूळ लॅटिनमधले आहे आणि त्याचा अर्थ आहे स्वतंत्र माणसाला शोभणारी विद्या. रोममध्ये स्वतंत्र माणूस कोण, हे गुलामाकडे बोट दाखवूनच ठरत होते. म्हणजे या शिक्षणाच्या नावातच गुलाम गृहीत धरलेला आहे. कोणीतरी दळण दळायचे, पाणी वाहायचे, म्हणजे दुसऱ्याच्या मुलाला व्याकरण आणि वक्तृत्व शिकायला सवड मिळायची. आपल्याकडे हे समजावून सांगण्याची गरज नाही. (एकलव्याचे नाव मी येथे मुद्दाम घेत नाही. त्याचा अंगठा आपण इतक्या वेळा व्यासपीठावर मांडला आहे की त्याला आता थोडी विश्रांती द्यावी.) ड्यू बॉइस यांनी केले ते असे : गुलामाच्या घामावर उभी राहिलेली ही विद्या त्यांनी गुलामाच्या नातवासाठी मागितली. ही मागणी नम्र नव्हती. वॉशिंग्टन यांच्या विटांपेक्षा ती गोऱ्यांना अधिक खुपली, यात आश्चर्य नाही.

आता कथेकडे येऊ. जॉर्जियाच्या समुद्रकाठच्या आल्टमाहा गावातला जॉन जोन्स हा काळा मुलगा. उंच, बेंगरूळ, हसरा. त्याला दूरच्या शाळेत पाठवायचे ठरते तेव्हा गावातले गोरे म्हणतात की पोरगा बिघडणार. त्याच गावातल्या न्यायाधीशाच्या मुलाचे नावही जॉन. तो प्रिन्स्टनला जातो. लहानपणी दोघे एकत्र खेळलेले. काळी वस्ती आपल्या जॉनची वाट पाहते, गोरी वस्ती आपल्या जॉनची. दोन्ही वस्त्यांत 'जॉन आला की' हा एकच पालुपदासारखा विषय, आणि एकीला दुसरीच्या जॉनची आठवण नाही.

काळा जॉन शाळेत आधी नापास ठरतो. गोंगाट, उशिरा येणे, अभ्यासाकडे दुर्लक्ष. त्याला एका सत्रासाठी काढून टाकतात. हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. वॉशिंग्टन यांच्या गोष्टीतला मुलगा पहिल्याच दिवशी परीक्षेत उतरतो, कारण परीक्षा झाडण्याची असते आणि झाडणे त्याला आधीच येत असते. जॉनची परीक्षा अशा गोष्टीची आहे जी त्याच्या घराण्यात कोणी केलेली नाही. तो पडतो. मग घरी कळवू नका अशी विनंती करतो, शहरात जाऊन राबतो आणि पुढच्या सत्राला परत येतो. त्यानंतर तो बदलतो. एकेका ग्रीक शब्दावर थबकतो, ग्रहताऱ्यांचा विचार करत रात्री जागतो. आणि याच काळात आतापर्यंत त्याच्या लक्षातही न आलेले अपमान त्याला दिसू लागतात. लहानपणी जे हसण्यावारी गेले ते आता बोचू लागते. कोणी त्याला नावाआधी 'मिस्टर' लावत नाही हे त्याच्या ध्यानात येते.

शिक्षणाने शील घडते असे सगळेच म्हणतात. ड्यू बॉइस म्हणतात, शिक्षणाने आधी कातडी पातळ होते. आपल्यापैकी जे पहिल्या पिढीचे आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. गावात असताना कपबशी वेगळी ठेवलेली मलाही दिसत होती. पण 'वेगळी' या शब्दाचा अर्थ मला महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कळला.

पुढे जॉन न्यू यॉर्कला जातो. गर्दीच्या लोंढ्याबरोबर नाट्यगृहात शिरतो आणि पाच डॉलरची नोट मोडून आत बसतो. वाग्नरचे 'लोहेनग्रिन' चालू आहे. संगीताने तो इतका हरवतो की शेजारच्या गोऱ्या बाईच्या हाताला आपला हात लागल्याचेही त्याला कळत नाही. तिच्या बरोबरचा तरुण म्हणजे न्यायाधीशाचा जॉन. थोड्या वेळाने खांद्यावर थाप पडते. काहीतरी चूक झाली, पैसे परत मिळतील, बाहेर चला. तो बाहेर पडतो आणि त्याच रात्री घरी पत्र लिहितो की मी येतो आहे.

वाग्नरच का, असा प्रश्न आमच्या अभ्यासमंडळात एकाने विचारला. काळ्यांची स्वतःची गाणी नव्हती का? होती. याच पुस्तकाचे शेवटचे प्रकरण त्या गाण्यांवर आहे. पण ड्यू बॉइस यांना येथे दाखवायचे आहे ते हे की, उच्च कला सर्व मानवांची असते असे वर्गात शिकवतात आणि नाट्यगृहात त्या मानवाला उठवतात. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. ग्रंथ थोर आहे असे सांगायचे आणि त्याला हात लावू द्यायचा नाही, हे दोन्ही एकाच व्यवस्थेचे काम आहे. कुमुद पावडे यांनी 'अंतःस्फोट' (१९८१) मध्ये संस्कृत शिकलेल्या दलित स्त्रीची जी कहाणी सांगितली आहे ती जॉनच्या त्या खुर्चीशेजारी ठेवून वाचावी. त्यांना संस्कृतने उठवले नाही. संस्कृत सांभाळणाऱ्यांनी उठवले.

कथेचा खरा पेच यापुढे आहे. जॉन गावी येतो. देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, स्वागताची सभा भरते. तो बोलायला उभा राहतो. शाळा हवी, उद्योग हवेत, पंथापंथांची भांडणे नकोत. बाप्तिस्मा नदीत घेतला काय, भांड्यात घेतला काय, त्यात काय मोठेसे. सभा गार पडते. एक म्हातारा उठतो, थरथरत पवित्र ग्रंथ हाती घेतो आणि या पोराने आमचा धर्म तुडवला असा आक्रोश करतो. लोक म्हाताऱ्याबरोबर रडतात. जॉन बाहेर काळोखात जातो.

येथे समीक्षकाने जॉनची कड घ्यायची का? मी घेत नाही. त्याचे म्हणणे चूक नव्हते. पण वर्षानुवर्षे ज्यांनी पैपैसा साठवून, देवाला आळवून त्याची वाट पाहिली, त्यांच्यापुढे तो वसतिगृहाच्या वादसभेत बोलावे तसे बोलला. त्याला ग्रीक शब्दाचे मूळ माहीत होते, आपल्या माणसांच्या शब्दाचे मूळ तो विसरला होता. बलुतंपासून (१९७८) आपल्या कितीतरी आत्मकथनांत हा प्रसंग वेगवेगळ्या रूपांत येतो. शिकलेला मुलगा वाड्यात येतो, बोलतो, आणि आई त्याच्याकडे परक्यासारखी पाहते.

मात्र एक फरक आहे आणि तो मला निर्णायक वाटतो. १९५६ नंतर आमच्या वाड्यांतल्या पोरांनी मरीआईचे टाक उचलून नदीत सोडले, तेव्हा म्हातारे रडले हे खरे. माझी आजीही रडली. पण ती पोरे एकटी नव्हती. त्यांच्या मागे नागपूरची १४ ऑक्टोबर होती, शेजारचा वाडा होता, गाणी होती, जलसे होते. रडणारी आजी चार महिन्यांनी विहारात पंचशील म्हणू लागली. जॉनच्या मागे कोणी नव्हते. त्याला विद्या होती, चळवळ नव्हती. ड्यू बॉइस यांनी मुलाच्या घडणीतला हा एकाकीपणा नेमका पकडला आहे. परंतु तो शोकांतिकेसाठी वापरला. त्यावर उपाय असू शकतो, हे कथेत कोठे सुचत नाही. त्या काळात ते कदाचित सुचण्यासारखेही नव्हते.

जॉन न्यायाधीशाकडे शाळेची परवानगी मागायला जातो. पुढच्या दाराने जातो, म्हणून त्याला मागच्या, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठवतात. न्यायाधीश विचारतो : तू यांना इमानदार नोकर व्हायला शिकवणार, की यांच्या डोक्यात बरोबरीचे खूळ भरणार? जॉन म्हणतो की परिस्थिती आहे तशी मी स्वीकारतो. शाळा सुरू होते. महिनाभरात कानावर येते की मास्तर फ्रेंच राज्यक्रांती शिकवतो, समतेचे बोलतो. न्यायाधीश येऊन शाळा बंद करतो.

जॉन खोटे बोलला का? माझ्या गुरुजींच्या व्याख्येने पाहिले तर बोलला, शील सोडले. मला तसे वाटत नाही. मागच्या दाराने घेतलेले वचन हे वचन नसते. ती खंडणी असते. आपल्याकडेही हे घडले आहे. मद्रास प्रांतात १९५३ साली राजगोपालाचारी सरकारने शाळेचे तास निम्मे करून उरलेल्या वेळात मुलांनी बापाचा धंदा शिकावा अशी योजना आणली. पेरियारांनी आणि इतरांनी तिच्याविरुद्ध रान उठवले. १९५४ साली मुख्यमंत्री गेले आणि योजनाही गेली. श्रमाची प्रतिष्ठा हा शब्द त्या योजनेतही होता. श्रमाला माझा विरोध नाही. कर्मवीर भाऊरावांच्या वसतिगृहातही मुले राबत होती, पण तेथे सगळ्या जातींची मुले एकाच खोऱ्याने माती उपसत आणि एकाच पंगतीत जेवत. माझ्या वर्गात झाडू एकाच बाकाकडे होता. हा फरक ज्याला दिसत नाही त्याने शीलावर व्याख्याने देऊ नयेत.

आणि आता जेनी. जॉनची धाकटी बहीण. न्यायाधीशाच्या स्वयंपाकघरात राबणारी. सभा फिसकटते त्या रात्री ती भावाच्या मागोमाग समुद्रकाठी येते आणि विचारते की खूप शिकले म्हणजे माणूस दुःखी होतो का? तो म्हणतो, होतो बहुधा. मग तू शिकलास याचा तुला आनंद आहे का? तो म्हणतो, आहे. त्यावर ती म्हणते की मलाही दुःखी व्हायला आवडेल, आणि मला वाटते मी थोडीशी आहेच.

संपूर्ण कथेत इतके शहाणे वाक्य कोणी बोलत नाही. जॉन नाही, न्यायाधीश तर नाहीच. जॉनला जे समजायला शाळा, ग्रीक आणि नाट्यगृहातला अपमान लागला, ते हिला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या समजले आहे. आणि लेखक तिचे करतो काय? शाळा बंद झाल्याच्या दिवशी गोरा जॉन कंटाळून हिंडताना तिला एकटी गाठतो आणि तिच्यावर हात टाकतो. काळा जॉन पाहतो, पडलेली फांदी उचलतो आणि त्याला ठार करतो. मग आईचा निरोप घेतो आणि समुद्राकडे तोंड करून, तेच वाग्नरचे गाणे गुणगुणत, घोड्यांच्या टापांची वाट पाहतो. जेनी कोठे आहे? तिची आई तिला काय म्हणाली? जमावाने त्या घराचे काय केले? कथा बोलत नाही. भावाच्या शीलाची शेवटची परीक्षा व्हावी म्हणून बहिणीवर संकट आणले आणि परीक्षा संपताच तिला पानाबाहेर ठेवले.

हा एका कथेतला योगायोग असता तर मी इतके लिहिले नसते. याच पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात ड्यू बॉइस यांनी टेनेसीच्या डोंगरात विद्यार्थिदशेत केलेल्या मास्तरकीच्या आठवणी दिल्या आहेत. ओंडक्यांची खोपटी, पाठ नसलेले बाक. मुले शाळेत येईनाशी झाली की हा तरुण मास्तर घरोघर जाऊन सिसेरोचे एक भाषण सोप्या इंग्रजीत, गावच्या दाखल्यांसह सांगे आणि आईबाप आठवडाभर पटल्यासारखे करत. फार गोड आणि प्रामाणिक आठवण आहे ती. ती शाळा त्यांना मिळाली जोसी नावाच्या मुलीमुळे. तिला शिकण्याची केवढी तहान! दहा वर्षांनी ते परत जातात तेव्हा कळते, जोसी घरासाठी राबून राबून मेली. म्हणजे पुस्तकात तहानलेल्या दोन मुली आहेत आणि दोघींनाही पाणी मिळत नाही. ड्यू बॉइस स्त्रीहक्कांचे वैरी नव्हते, उलट समर्थक होते. म्हणूनच हे अधिक विचार करायला लावते. सहानुभूती असूनही त्यांच्या कल्पनेत घडायचा असतो तो मुलगा, मुलगी झिजते.

याच सुमारास, १९०३ मध्येच, त्यांनी 'टॅलेंटेड टेन्थ'चा विचार मांडला : शेकडा दहा बुद्धिमंतांना उत्तम विद्या द्या, ते बाकीच्यांना वर काढतील. पंचेचाळीस वर्षांनी, १९४८ साली, त्यांनी स्वतःच त्याची झडती घेतली. ज्ञान आले की त्यागबुद्धी आपोआप येईल असे मी धरून चाललो होतो, अशा आशयाची कबुली त्यांनी शिकलेल्या, स्थिरावलेल्या कृष्णवर्णीयांच्या सभेतच दिली. बाबासाहेब १८ मार्च १९५६ रोजी आग्ऱ्यात शिकलेल्यांबद्दल काय बोलले ते आपल्या वाचकांना ठाऊक आहे. १९४६ साली या दोघांत पत्रव्यवहारही झाला होता. दोघांनी उच्च विद्येचा हट्ट कधी सोडला नाही, आणि दोघांनाही ती विद्या घेतलेल्यांनी दुखावले. सिद्धार्थ (१९४६) आणि मिलिंद (१९५०) ही महाविद्यालयांची नावे मला यासाठीच अर्थपूर्ण वाटतात. एक नाव घर सोडून गेलेल्या राजपुत्राचे, दुसरे भिक्षूला उलटसुलट प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. आज्ञाधारकाचे नाव बाबासाहेबांनी निवडले नाही.

पण ही दोन्ही नावेही पुरुषांचीच, हे मला एका विद्यार्थिनीने सांगेपर्यंत सुचले नव्हते. मुक्ता साळवे या मांग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदया'त महारमांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. म्हणजे जेनीच्या प्रश्नाला आमच्याकडे फुल्यांच्या शाळेतून उत्तर आधीच आले होते, आणि आम्ही शंभर वर्षांहून अधिक काळ जॉनच्याच गोष्टी लिहीत राहिलो. तिकडे अटलांटातही काही घडले. मोअरहाउस हे मुलांचे महाविद्यालय; मार्टिन ल्यूथर किंग तेथे १९४४ ते १९४८ शिकले. शेजारी स्पेलमन हे मुलींचे. मार्च १९६० मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी मानवी हक्कांसाठी जाहीर आवाहन वृत्तपत्रांत छापले. मोअरहाउसच्या मुलांचे पुढारीपण सर्वांना आठवते. मसुदा मुख्यतः लिहिला होता स्पेलमनच्या रोझलिन पोप या विद्यार्थिनीने.

निवृत्तीनंतर मी दर रविवारी आमच्या विहारात मुलामुलींबरोबर वाचतो. जॉनची कथा मी त्यांना मराठीत सांगत सांगत वाचतो. पहिल्या वर्षी मी शेवट वाचून थांबलो तेव्हा मुले गप्प होती; एक जण म्हणाला, सर, त्याने बरोबर केले. दोघे म्हणाले, पळून जायला हवे होते. वाद रंगला. मागे बसलेल्या, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलीने विचारले, "सर, दुसऱ्या दिवशी जेनी कामाला गेली का?"

मी पुस्तक पुन्हा उघडले, शेवटची दोन पाने चाळली. तिला सांगितले, यात नाही. आता मी हे वाचन जोसीच्या प्रकरणापासून सुरू करतो, आणि त्या मुलीला जेनीचा दुसरा दिवस लिहून आणायला सांगितले आहे. तिने चार पाने लिहिली आहेत. अजून पुरी झालेली नाहीत.